पाऊस आधी की वारा आधी

बाईंचं डोकं फिरलं होतं ते एका रकान्यावरून. माणसं बांधावरून भांडतात, नळावरून भांडतात, सासूच्या बोलण्यावरून भांडतात. ही बाई गेली दोन वर्षं संगणकाच्या पडद्यावरच्या बोटभर रकान्याशी भांडत होती, आणि रकाना काही बधत नव्हता.

हवामान कचेरी म्हणजे टेकाडावरची चार खोल्यांची बैठी इमारत. एका खोलीत साहेब, एकीत संगणक, एकीत जुन्या नोंदवह्यांचे गठ्ठे आणि त्यावर झोपणारं मांजर, आणि चौथीत बाईंचं तिरकं टेबल. मागं तारेचं कुंपण घातलेलं आवार. त्यात तापमापकांची पांढरी फटींची पेटी, पाऊस मोजायचं नळकांडं आणि उंच खांबावर वाऱ्यानं गरगरणाऱ्या वाट्या. बाई तिथं नोकरीला लागल्या तेव्हा त्यांची वेणी कमरेला लागत होती. एकतीस वर्षांनी जे उरलं होतं ते एका पिनेत मावायचं. नकाशे अजून हातानं काढायच्या म्हणून कचेरीतल्या नव्या मंडळींनी त्यांना 'पेन्सिलबाई' नाव ठेवलं होतं. ते बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पेन्सिलीच्या बुडाला रबर तरी असतं. चुकलं तर खोडता येतं. तुमच्या यंत्राला काय आहे?"

आता बाईंचं भांडण काय होतं ते समजायचं तर आघाडी म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं.

थंड हवेचा लोंढा गरम हवेच्या अंगावर चाल करून येतो. दोन्ही हवांची जिथं टक्कर होते ती रेघ म्हणजे शीत आघाडी. नकाशावर ती निळ्या पेन्सिलीनं काढतात आणि जिकडं निघालीय तिकडं तोंड करून तिला त्रिकोणी दात काढतात. पुस्तकात रेघ एकच. बाईंच्या लेखी मात्र तिच्या जाती होत्या, आणि गुरांच्या बाजारात म्हातारा शेतकरी जसा दुरूनच बैलाचा स्वभाव सांगतो तशा बाई नकाशाकडं बघून आघाडीची जात सांगायच्या.

एक होती 'रांगती'. ती सावकाश येते. आधी वारा दिशा बदलतो, अंगाला गारवा लागतो आणि मग पाऊस तिच्या मागून येतो, आईचा पदर धरून चालणाऱ्या रडक्या पोरासारखा, दिवसभर पिरपिर करत. हिच्यापासून भीती नाही. वैताग तेवढा.

दुसरी 'उधळी'. हिच्यात उंचावरचा वारा रेघेपेक्षा जोरात पळत असतो. तो ढगांना ढकलत रेघेच्याही पुढं नेतो. त्यामुळं खरी आघाडी यायच्या दोन-तीन तास आधीच वादळाची काळी भिंत अंगावर येते. अर्ध्या-पाऊण तासात पत्रे उडवून, झाडं लोळवून निघून जाते. मग लख्ख ऊन पडतं. लोक म्हणतात, सुटलो. आणि त्यानंतर तासा-दोन तासांनी आघाडी येते, निळ्या आभाळातून, नुसती थंडी घेऊन, आपण त्या गावचेच नाही अशा थाटात.

तिसरी 'कोरडी', जी फक्त धूळ उडवते आणि कचेरीच्या खिडक्या पुसायला लावते.

ही नावं बाईंनीच ठेवलेली. आता रकान्याचं. दोन वर्षांपूर्वी नकाशाच्या जागी संगणकावरचा फॉर्म आला. त्यात विचारायचे: शीत आघाडी आहे की नाही? असेल तर येण्याची वेळ? संपलं. वाऱ्याचा आकडा यंत्रच काढायचं. शेरा लिहायला जागा होती, पण शेरा पुढं जायचाच नाही. बांधकामांना, गोदीला, वीज मंडळाला मोबाइलवर जो संदेश जायचा त्यात फक्त वेळ आणि वारा. जात नाही.

"सगळ्या बैलांना एकच दावं," बाई म्हणायच्या. "मग शिंग लागलं की म्हणायचं, बैल मारका निघाला."

हे सगळं नुसत्या कचेरीच्या कुरकुरीवर राहिलं असतं. पण शहराच्या दुसऱ्या टोकाला अकरा मजल्यांचं नवं इस्पितळ उभं राहत होतं आणि त्याच्या डोक्यावरच्या उंच क्रेनच्या काचेच्या पेटीत बाईंचा धाकटा भाऊ बसायचा.

धाकटा म्हणजे वयानं अठ्ठेचाळीस, पण घरात धाकटाच. पेटीत चढायला पंचवीस मिनिटं, उतरायला वीस. सोबत डबा, पाण्याची बाटली आणि एक लहानसा रेडिओ. बांधकामाचा नियम असा, की संदेशात जी वेळ आली असेल तिच्या तासभर आधी क्रेनचं काम थांबवायचं, लांब हात वाऱ्यासोबत फिरायला मोकळा सोडायचा आणि माणसानं खाली यायचं. नियम चोख होता. पण तो वेळेच्या रकान्याला बांधलेला होता.

पहिला झटका बसला तो त्या वर्षीच्या उकाड्याच्या तोंडाशी. बाईंनी फॉर्ममध्ये आघाडीची वेळ भरली, दुपारी चार. तीनला क्रेन थांबणार होती. एक वाजता उधळीची भिंत येऊन आदळली. हूकला लोखंडी सळ्यांचा जुडगा लटकत होता. धाकट्यानं तो कसाबसा खाली टेकवला, हात मोकळा सोडला आणि चाळीस मिनिटं पेटीत दोन्ही पाय समोरच्या लोखंडाला लावून बसला. पेटी एवढी गरगरली, की उतरल्यावर त्याला जमीन कुठल्या बाजूला आहे ते कळेना.

संध्याकाळी तो बाईंच्या दारात उभा राहिला. मागं त्याची बायको.

"ताई," तो म्हणाला, "तुझं चारचं वादळ एक वाजताच जेवायला आलं होतं."

"आघाडी चारलाच आली रे. चार दहाला. तो आला तो तिच्या पुढचा—"

"म्हणजे मी मेलो असतो तर तुझा अंदाज बरोबर होता म्हण की!"

"धाकट्या, तोंड सांभाळ."

"वन्सं," भावजय मधे बोलली, "मला ते आघाडी-पिछाडी काही कळत नाही. पण हे वर असतात तेव्हा माझ्या हातून एक काम धड होत नाही. तुम्ही एवढ्या शिकलेल्या. एक वाजता येणार ते एक वाजता म्हणून सांगता येत नाही का?"

येतं. तेच तर दुखणं होतं. बाईंना आदल्या दिवशीच ठाऊक होतं ही उधळी आहे. तिरक्या टेबलावरच्या नकाशात त्यांनी दात लांबलचक काढले होते, करवतीसारखे. पण टेबलावरचा नकाशा बघतो कोण? मांजर.

बाईंनी मुख्यालयाला सात पानी पत्र लिहिलं. दोन आकृत्या, अकरा वर्षांच्या नोंदी, आणि शेवटी नम्र विनंती, की फॉर्ममध्ये 'जात' असा एक रकाना वाढवावा. साहेबांनी ते वाचलं. साहेब तसा माणूस वाईट नव्हता. वयानं बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला मऊ, आणि भांडणाला एवढा घाबरायचा की चहात साखर कमी पडली तरी पिऊन टाकायचा.

"बाई, उत्तम लिहिलंय. पाठवतो. पण 'जात' हा शब्द बदला. वरती कोणी भलताच अर्थ घेईल."

"काय लिहू?"

"प्रकार."

बाईंनी प्रकार लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, दीड ओळीचं. सदर रकान्याची आवश्यकता वाटत नाही. खाली सही, ती कोणाची ते वाचता येत नव्हतं.

तेव्हा बाईंनी सरळ रस्ता सोडून आडवाट धरली, आणि तिथं त्यांनी स्वतःच माती खाल्ली.

झालं असं. पांढऱ्या पेटीत दोन तापमापक असतात. एक साधा, आणि दुसऱ्याच्या बुडाशी ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळलेली. चिंधीतलं पाणी उडतं, बूड गार होतं, आणि दोघांतल्या फरकावरून हवेत दमटपणा किती ते कळतं. जुनी चिंधी पिवळी पडली म्हणून बाईंनी नव्या मलमलीचा तुकडा कापून बांधला. नव्या कापडाला खळ असते. ते आधी खळखळून उकळायचं, खळ काढायची, मग बांधायचं. शिकाऊ माणसालाही पहिल्या आठवड्यात हेच सांगतात. बाईंनी आतापर्यंत दहा जणांना सांगितलं असेल. त्या दिवशी रकान्याच्या रागात त्या स्वतः विसरल्या. खळीचं कापड पाणी धरेना, बूड गार होईना, आणि हवा होती त्यापेक्षा पुष्कळ दमट दिसायला लागली. एवढा दमटपणा बघून बाईंनी येऊ घातलेल्या साध्या रांगतीला उधळी ठरवलं.

आणि इस्पितळाच्या बांधकामावरच्या फोरमनला स्वतःच्या फोनवरून फोन केला. "मी हवामान कचेरीतून बोलतेय. संदेशाकडं बघू नका. बारालाच काम थांबवा."

बिचाऱ्यानं थांबवलं. बारा वाजले, एक वाजला, तीन वाजले. आभाळात चिमणीसुद्धा फिरकली नाही. वरच्या मजल्यावर माल पोचला नाही म्हणून पन्नास माणसं भिंतीला टेकून बसली. संध्याकाळी वारा फिरला, आणि मग पिरपिर.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडून बाईंनी चिंधीला बोट लावलं. ती पापडासारखी कडक होती. बाईंनी तिथंच आवारात कपाळावर हात मारला. एवढ्या जोरात, की कुंपणापलीकडं गवत कापणारा माणूस म्हणाला, "डास चावला का, बाई?"

त्यानंतर फोरमन त्यांचा फोन घ्यायचा बंद झाला.

अशा सगळ्या रामायणानंतर तो मंगळवार आला.

सकाळी साडेसातला बाई टेबलावर बसल्या तेव्हा मुख्यालयाच्या नकाशात आघाडी होती. यंत्राच्या हिशेबानं इथं येण्याची वेळ दुपारी साडेचार. बाईंनी विमानतळावरून सोडलेल्या फुग्याचे आकडे काढले. तीन किलोमीटर उंचीवरचा वारा रेघेला आडवा कापत, तिच्या दुप्पट वेगानं पुढं पळत होता. त्यांनी चिंधी तपासली. तीनदा उकळलेली, लुसलुशीत, भिजलेली. तरी मन मानेना. मागची खेप डोळ्यांपुढं होती. मग त्यांनी फोन ओढला आणि पश्चिमेकडच्या ठाण्यांना लावत सुटल्या. विचारायचं एकच होतं.

बंदरावरच्या ठाण्यात एक म्हातारा निरीक्षक होता, बाईंच्याच वयाचा.

"पाऊस आधी की वारा आधी?" बाईंनी विचारलं.

"बाई, नमस्कार तरी घाला."

"घातला. पाऊस आधी की वारा आधी?"

"पाऊस. पहाटे तीनला. दोन होड्या उलट्या केल्यान. मग चांदणं पडलं. वारा फिरला सव्वापाचला."

धरणाच्या ठाण्यावर एक मुलगी होती, नवीन. "पाऊस साडेपाचला झाला, मॅडम. आता इथं ऊन आहे."

"वारा फिरला?"

"अजून नाही."

"घड्याळात काय वाजलंय तुझ्या?"

"आठ वाजून पाच."

बाईंनी फोन ठेवला. पेन्सिलीनं वेळा मांडल्या. बंदरावर सव्वादोन तासांचं अंतर, धरणावर अडीच होऊन गेलं होतं, म्हणजे भिंत रेघेला मागं टाकत चालली होती. इथं पोचेतो तीन तासांच्या घरात जाणार. साडेचारची आघाडी, पावणेदोनच्या आसपास भिंत. आता शंका उरली नव्हती. शंका असती तर बरं झालं असतं, कारण नऊ वाजता फॉर्म जायचा होता.

त्यांनी साहेबांना घरी फोन लावला. साहेब दाढी करत होते.

"मुख्यालयाला विचारा, बाई. वादळाचा इशारा तेच देतात."

मुख्यालयात एका पुरुषानं फोन घेतला. "वादळाचा इशारा आम्ही रडार बघून देतो. तुमच्या बाजूचं रडार दुरुस्तीला गेलंय."

"मग आज कशावरून देणार?"

"रडार आल्यावर देऊ."

"वादळाला थांबायला सांगू का तोवर?"

"बाई, असं बोलून काय होणार?"

खरंच काय होणार? बाईंनी फोरमनला लावला. उचलला नाही. शेजारच्या खोलीतल्या फोनवरून लावला. आवाज ओळखल्याबरोबर तो म्हणाला, "तुम्ही आहात होय! हे बघा बाई, राग मानू नका. माझ्या मोबाइलवर संदेश येतो, त्यात जी वेळ येईल तिला मी क्रेन थांबवीन. तोंडी मी आता देवाचंसुद्धा ऐकत नाही. आज भिंतीचे तयार तुकडे चढवायचेत, एकेक तीन टनाचा."

"किती वाजेपर्यंत?"

"तुम्हीच सांगायचं ना ते. संदेशात."

भाऊ वर चढलेला होता. चढला की फोन बंद ठेवायचा, तोही नियमच.

आठ पन्नासला बाई फॉर्मपुढं बसल्या. आघाडी: आहे. वेळ: त्यांनी साडेचार भरले. बरोबर आकडा. खरा आकडा. आणि त्या त्याच्याकडं बघत राहिल्या.

या बाईनं एकतीस वर्षांत एक खोटा आकडा लिहिला नव्हता. हे कौतुक म्हणून सांगत नाही. त्यापायी त्यांनी लोकांना भरपूर छळलेलं होतं. एका वरिष्ठानं एकदा पावसात भिजायला नको म्हणून खुर्चीत बसूनच तापमान लिहिलं, अंदाजानं. आकडा बरोबर निघाला. तरी बाई त्याच्याशी त्याच्या निवृत्तीपर्यंत बोलल्या नाहीत, निरोप समारंभातला पेढाही घेतला नाही. घरात कोणी 'पाच वाजले' म्हटलं आणि चार अठ्ठावन्न झालेले असले तर त्या दुरुस्त करायच्या. अशी बाई.

तिनं साडेचार खोडले आणि एक चाळीस टाकले.

यंत्रानं काही विचारलं नाही. वाऱ्याचा आकडा आपोआप वाढवला, वर एक हिरवी खूण दाखवली आणि संदेश गेला. बाईंना वाटलं होतं निदान कुठं तरी लाल दिवा लागेल. तो लागला नाही याचाच त्यांना जास्त संताप आला.

बारा चाळीसला इस्पितळावरची क्रेन थांबली. कचेरीच्या गच्चीवरून दुर्बिणीतून दिसायचं तेवढं. लांब हात सैल सोडल्यासारखा डुलला. पिवळं टोपडं घातलेला एक ठिपका शिडीनं खाली येऊ लागला. बाई त्याच्याकडं बघत होत्या तेव्हा मधेच तो थांबला. बहुतेक दम खायला. "उतर की मुडद्या," बाई एकट्याच बोलल्या.

एक सत्तेचाळीसला भिंत आली. आधी उजेड हिरवट झाला, मग टेकाडाखालचे पत्रे एकामागून एक वाजायला लागले, आणि मग काही दिसायचंच बंद झालं. खांबावरच्या वाट्यांनी ताशी शहाऐंशी किलोमीटर दाखवले आणि त्यातली एक वाटी निखळून आवारात पडली. अठ्ठावीस मिनिटांत सगळा खेळ आटोपला. आभाळ फाटल्यासारखं उघडलं, ऊन आलं, वळचणीचं पाणी चमकायला लागलं.

साहेब आनंदानं बाहेर आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. "वा, बाई! घड्याळ लावून आली की आघाडी! एक चाळीस म्हणालात, सात मिनिटांचा फरक!"

"आघाडी आली नाही, साहेब."

"मग हे काय होतं?"

"हे पुढं सोडलेलं कुत्रं. मालक मागून येतोय. साडेचारला."

साहेबांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "पण बाई, आपण संदेशात तर..."

"हो."

"मग आता नोंदवहीतही एक सत्तेचाळीसच लिहा ना. जुळून जाईल. कोण बघतंय?"

बाईंनी आवारात जाऊन निखळलेली वाटी उचलली, पदरानं पुसली आणि त्या पेटीपाशी उभ्या राहिल्या. चार वाजले. ऊन होतं, पाखरं ओरडत होती. चार वाजून पस्तीस मिनिटांनी अंगावरचा वारा एकाएकी पाठीमागून यायच्या ऐवजी समोरून यायला लागला. पारा दहा मिनिटांत सहा अंशांनी खाली आला. एक थेंब नाही. बाईंनी आत जाऊन वहीत लिहिलं: आघाडी आली, १६.३५. खाली सही केली. त्याच हातानं सकाळी एक चाळीस लिहिलं होतं.

संध्याकाळी धाकटा आला तो हसतच. "ताई, आज तुमच्या कचेरीला अक्कल आली! उतरून, डबा खाऊन चहाचा कप हातात घेतला तेवढ्यात दणका. क्रेनचा हात असा फिरत होता, भिंगरी! मी वर असतो तर दातखीळ बसली असती."

"अरे, पण ती आघाडी नव्हती."

"असू दे ना."

"आघाडी साडेचारला आली. मी वेळ खोटी टाकली, म्हणून तू—"

"ताई, मी जिवंत आहे, तू जेवायला वाढ."

बाईंनी वाढलं. वाढताना डाव आपटला. ज्याच्यासाठी खोटं लिहिलं त्यालाही खरं काय झालं ते ऐकायचं नव्हतं.

आठवड्यानं मेमो आला. संदेशातली वेळ आणि नोंदवहीतली वेळ यांत दोन तास पंचावन्न मिनिटांचा फरक, दोन्ही नोंदी आपल्याच, खुलासा करावा. साहेबांनी बाईंना खोलीत बोलावलं, दार लावलं, पंखा कमी केला.

"बाई, एक शब्द लिहा. 'नजरचुकीनं'. मी वर बोललोय. मिटवतात."

"नजर चुकली नाही माझी."

"मला ठाऊक आहे. पण लिहायला काय जातं?"

"साहेब, नजरचूक म्हटलं की चूक माझ्या डोळ्याची झाली. मग तो रकाना बरोबर ठरतो."

"रकाना, रकाना! बाई, चौदा महिने राहिलेत तुमचे. रकाना काय तुम्ही घरी नेणार आहात?"

बाईंनी तिथंच बसून लिहिलं. 'वेळ जाणूनबुजून चुकीची भरली. बरोबर वेळ भरली असती तर वादळाच्या वेळी माणूस क्रेनवर असता. आघाडीची जात लिहिण्यास फॉर्ममध्ये जागा नाही.' प्रकार हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला नाही.

पंधरा दिवसांत हुकूम आला. बाईंना संदेशाच्या कामावरून कमी करून फक्त निरीक्षणाच्या कामावर ठेवण्यात येत आहे. म्हणजे पारा वाचा, पाऊस मोजा, चिंधी उकळा. फॉर्म आता संगणकाच्या खोलीत कोपऱ्यात बसणारा एक तरुण गृहस्थ भरणार होता, जो मुख्यालयाची वेळ बघून तीच टाकायचा आणि नऊ वाजून दोन मिनिटांनी डबा उघडायचा. रकान्याबद्दल हुकमात अवाक्षर नव्हतं.

हे धाकट्याला कळलं तेव्हा तो हसला नाही.

"एक शब्द लिहायचा होता ना?" तो म्हणाला. "नजरचुकीनं. तेवढं लिहिलं असतंस तर तू त्या खुर्चीवर असतीस. आता पुन्हा तसली आली तर वेळ कोण बदलणार? तो डबेवाला?"

"खोटं एकदा लिहिलं, धाकट्या. ते झाकायला परत दुसरं लिहू?"

"तुझी पाटी कोरी राहिली. छान. वर मी बसतो."

भावजय भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. बाई उठल्या, पाणी प्यायल्या, परत येऊन बसल्या. रागानं त्यांचे कान लाल झाले होते, आणि तो राग नेमका कोणावर काढावा ते कळत नव्हतं. मुख्यालय लांब होतं. साहेब मऊ होता. रकाना तर रकानाच.

"तुला वरून पश्चिम दिसते?" त्यांनी एकाएकी विचारलं.

"सगळंच दिसतं. पार डोंगराच्या रांगेपर्यंत."

"मला टेकाडावरून त्याच्या निम्मं दिसतं. ऐक आता. सकाळपासून उकडत असेल, वारा दक्षिणेचा असेल आणि उंचावरचे ढग खालच्या वाऱ्याला आडवे, जोरात पळताना दिसले, तर संदेशात काय वेळ आलीय ते विसरायचं. डोंगरावर काळा पट्टा बघत राहायचा. पट्ट्याच्या खालची कड ताठ, सुरीनं कापल्यासारखी असली तर ती उधळीची भिंत. कड फाटकी, लोंबती असली तर बस निवांत."

"आणि ताठ असली तर?"

"हात मोकळा सोडायचा आणि उतरायचं. विचारायचं नाही कोणाला."

"शिडीला वीस मिनिटं लागतात, ताई. भिंत दिसल्यापासून किती वेळात येते?"

बाईंनी मनात हिशेब केला. "डोंगरापासून तीस."

"म्हणजे बघायला, ठरवायला दहा."

"सहा," बाई म्हणाल्या. "चार फोरमनशी भांडायला धर. आता सांग, वारा कुठला असेल म्हणाले मी?"

"पश्चिमेचा."

"दक्षिणेचा!" बाई ओरडल्या. "दक्षिणेचा, गाढवा! पहिल्यापासून ऐक."